पालखी टाका

आमच्या सरांनी एक टाका शोधून काढला होता. बाळंतपणानंतर रक्त थांबेना, तर गर्भाशयाला घालायचा टाका. त्याची सहा आकृत्यांची पुस्तिका त्यांनी छापून घेतली होती, दर वर्षी परिषदेत ते त्यावर बोलत आणि रत्नागिरीतल्या त्यांच्या दवाखान्यात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो समजावून सांगत. एवढं सगळं झालं होतं. तो कुठल्या बाईला घालायचा मात्र राहून गेला होता.

मी त्यांच्याकडे दोन वर्षं नोकरी केली. मी कोल्हापूरकडची, नुकतीच स्त्रीरोगाची पदवी घेऊन आलेली. पहिल्या दिवशी मी प्रमाणपत्रांची फाईल पुढे केली, ती सरांनी उघडलीसुद्धा नाही. टेबलाखालून त्यांनी एक कापडी पिशवी काढली, जेवणाच्या डब्याची असते तसली, आणि तिच्यातून एक गुलाबी उशी काढून माझ्या हातात दिली.

"धर," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी. पुढनं-मागनं दाब. सोडायचं नाही."

ती उशी म्हणजे गर्भाशय होतं. गावातल्या गादीवाल्याकडून त्यांनी ते बेतून शिवून घेतलं होतं. गादीवाल्यानं पहिल्यांदा साहजिकच विचारलं होतं, "किती महिन्यांच्या बाळासाठी?" सर म्हणाले होते, "बाळासाठी नाही, बाळ हिच्या आत असतं." त्यानंतर गादीवाल्यानं प्रश्न विचारणं सोडून दिलं आणि सरांनी सांगितला तेवढा कापूस मुकाट्यानं भरला.

इथे थोडं डॉक्टरकीचं सांगायला हवं, नाहीतर सरांचं मोठेपण कळायचं नाही. बाळ आणि वार बाहेर आली की गर्भाशयानं मुठीसारखं आवळायचं असतं. त्या आवळण्यानंच आतल्या रक्तवाहिन्यांची तोंडं बंद होतात. कधी कधी ते आवळतच नाही, भिजलेल्या पावासारखं ढिलं पडून राहतं, आणि मग बाई डोळ्यांदेखत जाते. त्यावर इंजेक्शनं असतात, चोळणं असतं, आतून फुगा भरून दाबणं असतं. तेही चाललं नाही तर पूर्वी गर्भाशय काढूनच टाकत. बाई वाचायची, पण पुढचं मूल विसरायचं. मग कोणा शहाण्याला सुचलं, की ते स्वतः आवळत नसेल तर आपण बाहेरून जाड धाग्यानं आवळून बांधावं. दप्तराचे पट्टे खांद्यांवरून येतात तसे दोन पट्टे पुढून वर, वरून मागे न्यायचे आणि खाली गाठ मारायची. धागा काही आठवड्यांत विरघळून जातो, गर्भाशय जागेवर राहतं. हा झाला साधा टाका, आणि तो जगभर चालतो. तेव्हापासून त्यात एक फेरा इकडे, एक गाठ तिकडे करून त्याला आपलं नाव लावायचा छंद आमच्या जमातीला लागला आहे.

सरांचं म्हणणं, की साध्या टाक्यात पट्टे खांद्यांवरून घसरू शकतात. हे खरं आहे. त्यावरचा उपाय त्यांना त्यांच्या गावी शिमग्यात सापडला. आमच्या बाजूच्या लोकांसाठी सांगते, कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची चांदीची रुपं, म्हणजे मुखवटे, पालखीत बसवतात आणि ती पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. नाचवतात म्हणजे खरोखर उडवतात. तरी रुपं जागची हलत नाहीत, कारण ती बांधणारी माणसं ठरलेली असतात आणि त्यांची बांधणीही ठरलेली असते. सरांनी ती बांधणी पाहून तिचे फेरे मोजले आणि गर्भाशयाला लावले. म्हणून नाव, पालखी टाका.

"मी माझं नाव दिलेलं नाही त्याला," हे ते अगदी नम्रपणे सांगत. खरंच दिलं नव्हतं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर पालखीचा फोटो होता आणि शेजारी सरांचा. सरांचा थोडा मोठा होता.

दवाखान्यात त्या बांधणीतून काहीच सुटलं नव्हतं. फायली पालखी बांधणीनं बांधलेल्या, जेवणाचा डबा तसाच, स्कूटरवरची पावसाळी ताडपत्री तशीच. सरांच्या घरून एकदा सांडगी मिरच्यांचा पुडा आला, तो सोडायला आम्हाला कात्री लागली. औषध कंपन्यांचे एमआर यायचे. सर त्यांना एक शब्द बोलू द्यायचे नाहीत. बॅग दोन पायांत धरून, टायसकट वाकून, एमआर दोन्ही हातांनी ती उशी दाबून उभा असायचा आणि सर हिरव्या दोऱ्यानं फेरे घालत असायचे. "बांधणं काय, कोणी पण बांधील," ते त्याला सांगायचे. "धरतो कोण ते सांग. बांधणाऱ्याचे हात गुंतलेले असतात. धरणाऱ्यानं सोडलं की बाई गेली." लोहाच्या गोळ्या विकायला आलेला तो बिचारा घाम पुसायलाही हात सोडत नसे. त्या काळात रत्नागिरी भागातल्या बहुतेक एमआरना गर्भाशय नीट धरता येत होतं, हे मी शपथेवर सांगू शकते.

एकदा आमच्याकडच्या आया शेवंतीमावशींनी ती उशी मळली म्हणून धुऊन दवाखान्याच्या मागच्या दोरीवर वाळत घातली. दोन चिमट्यांवर गुलाबी गर्भाशय उन्हात लोंबकळत होतं आणि खाली पेशंटचे नातेवाईक भजी खात बसले होते. सर बाहेर आले आणि इतके संतापले, की मावशींनी ती काढून पदराखाली धरून आत नेली. कापूस गोळा होऊन उशीला एका बाजूला गाठ आली होती. पुढचे आठ दिवस सर त्या गाठीला फायब्रॉइड म्हणत होते.

परिषदेत त्यांना दहा मिनिटं मिळायची. नवव्या मिनिटाला अध्यक्ष घंटा वाजवायचे. सर म्हणायचे, "दोन मिनिटं." बाराव्या मिनिटाला पुन्हा घंटा. सर म्हणायचे, "मला ऐकू येतं, बहिरा नाही मी." मग माईक बंद व्हायचा आणि सर माईकशिवाय बोलायचे. शेवटच्या स्लाईडवर ठळक अक्षरांत 'आजवरचे पेशंट: शून्य' असं असायचं, कारण खोटं लिहिणं त्यांना जमायचं नाही. मग कोणीतरी उठून हळूच विचारायचं, "सर, कितीजणींना घातलात?" हॉल हसायचा. मीही एकदा हसले होते.

ज्याला हा टाका घालायचा त्याला ढिलं पडलेलं गर्भाशय हवं. ते सरांना मिळत नव्हतं, आणि का मिळत नव्हतं ते त्यांच्याशिवाय सगळ्यांना दिसत होतं. हा माणूस त्याची वेळच येऊ देत नसे. भरल्या ओपीडीत, चाळीस माणसांसमोर, ते पोटुशा बाईला खणखणीत आवाजात विचारायचे, "शी काळी होते का?" लोहाच्या गोळ्या घेतल्या की ती काळी होते. बाई लाजून खाली बघायची. "म्हणजे गोळ्या घेत नाहीस! पिवळी शी घेऊन माझ्याकडे बाळंत व्हायला यायचं नाही!" बायका रडायच्या, सासवा पुटपुटायच्या, पण गोळ्या घ्यायच्या. बाळ बाहेर आल्याबरोबर इंजेक्शन, तेही घड्याळ बघून. मग स्वतः स्टुलावर बसून तासभर बाईच्या पोटावर हात. भूल देणारे डॉक्टर आमचे चेष्टेखोर होते. ते म्हणायचे, "सर, या पालखीत देव कधी बसायचा?" सर म्हणायचे, "येईल. योग्य पेशंट येईल."

आणि दर सिझेरियनला, बाळ काढून झालं की आशेनं विचारायचे, "काय गो, मऊ लागतंय का?"

मला त्या प्रश्नाचा राग यायचा. उघडच सांगते, किळस यायची. कोणाची तरी लेक टेबलावर पडलीय आणि हा म्हातारा तिला रक्त जायची वाट बघतोय असं वाटायचं. एका नव्या मोबाईलचा स्टँडही त्यांनी सलाईनच्या खांबाला बांधून ठेवला होता, पालखी बांधणीनंच. ज्या दिवशी पेशंट येईल त्या दिवशी भूलवाल्या डॉक्टरांनी फक्त व्हिडिओचं बटण दाबायचं होतं. मी नोकरी सोडायचा अर्ज दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा फाडला.

ती बाई जयगडची होती. पहिलं बाळंतपण. नवरा बंदरावर क्रेनवर, सासू मासे विकणारी. दीड दिवस दुसरीकडे कळा देऊन, दमून, सकाळी अकराला आमच्याकडे आली. बाराला आम्ही सिझेरियन केलं. मुलगी झाली, लगेच रडली. शेवंतीमावशींनी तिला पुसून दाखवायला नेलं. मी आत हात घातला. मऊ. नुसतं मऊ नाही, हाताला काही लागतच नव्हतं.

सरांनी विचारलं नाही. त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं.

एक इंजेक्शन झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. सरांनी गर्भाशय बाहेर घेऊन चोळलं. ते क्षणभर घट्ट व्हायचं आणि पुन्हा ढिलं पडायचं. चादर भिजली, मग जमिनीवर टपटप सुरू झालं. भूलवाले डॉक्टर म्हणाले, "प्रेशर उतरतंय." आणि मग, चेष्टा नव्हती ती, ठरलेलंच होतं म्हणून त्यांनी विचारलं, "सर, मोबाईल चालू करू?"

"मोबाईल गेला खड्ड्यात. रक्ताची पिशवी लाव. दुसरी मागव." मग माझ्याकडे बघून, "धर."

मी धरलं. दोन्ही हातांनी, पुढून-मागून, जसं त्या उशीला शंभर वेळा धरलं होतं तसं. सरांनी मावशींना खालून बघायला सांगितलं.

"थांबला ओ," मावशी म्हणाल्या. "थेंब नाय."

दाबल्यावर थांबलं म्हणजे बांधल्यावर थांबणार. टाक्याला बाई योग्य होती. बारा वर्षं ज्याची वाट बघितली तो पेशंट टेबलावर होता. सरांनी सुई हातात घेतली. पालखी टाका मागच्या बाजूनं, डावीकडून सुरू होतो. मी गर्भाशय थोडं वळवून त्यांना मागची बाजू दिली.

"वळवू नको," सर म्हणाले आणि त्यांनी सुई पुढून, उजवीकडून घातली.

"सर, पालखी तर..."

"गप. धर."

त्यांनी साधा टाका घातला. पुस्तकात असतो तसा, एक फेरा जास्त नाही, एक गाठ कमी नाही. माझ्या बोटांना मुंग्या आल्या, मनगटं दुखायला लागली. मी सोडलं नाही. गाठ बसल्यावर ते म्हणाले, "आता सोड. हळू." मी हात काढले. आम्ही सगळे त्या मांसाच्या गोळ्याकडे बघत उभे राहिलो. तो तसाच राहिला. मावशी पुन्हा वाकून म्हणाल्या, "नाय ओ, काय नाय."

सर घड्याळाकडे बघत दहा मिनिटं तिथेच थांबले. मग म्हणाले, "माझी पेज गार झाली असेल."

संध्याकाळी मी विचारलंच. "सर, तुमचा टाका का नाही घातलात?"

"उजेड बरोबर नव्हता."

"दुपारचे साडेबारा वाजले होते सर."

"म्हणूनच. व्हिडिओत चकाकतं सगळं."

व्हिडिओ त्यांनीच घेऊ दिला नव्हता. पण म्हाताऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आता गंमत अशी झाली होती, की ऑपरेशन चालू असताना त्या बाईची सासू बाहेर बाकावर बसली होती. समोर सरांची केबिन उघडी. आत स्टुलावर गुलाबी उशी, तिच्यावर हिरवे दोरे नीट बांधलेले, वर धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकची छत्री, आणि मागे भिंतीवर मोठ्या फ्रेममध्ये पालखीचा फोटो. तिनं जे समजायचं ते समजलं. केबिनच्या उंबऱ्याशी जाऊन तिनं हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. रक्ताची पिशवी घेऊन जाताना मावशींनी ते ऐकलं होतं. "आई माऊली, सून सुखरूप येऊ दे. तिचा पोट शाबूत ऱ्हाऊ दे. तुझी ओटी भरीन." मावशी नंतर मला म्हणाल्या, "त्या टायमाला काय सांगायचा तिला? कापूस हाय म्हणून?"

सव्वा महिन्यानं सासू आली. सून नातीला घेऊन बाहेर बसली होती. सासूच्या हातात ताट, ताटात खण, दोन नारळ, तांदूळ, हळदकुंकू. सरांना वाटलं त्यांच्यासाठीच. ते शर्टाची कॉलर नीट करून उभे राहिले. सासू त्यांच्या बाजूनं पुढे गेली आणि स्टुलासमोर बसली.

"अहो आजी! काय करताय? ती उशी आहे! कापसाची!"

"असू दे," ती म्हणाली. "आमची देवी पण दगडाचीच हाय."

ओटी भरायची तर कोणीतरी उशी धरायला हवी होती, स्टुलावरून ती घरंगळत होती. "डॉक्टर, धरा की जरा," आजी म्हणाल्या. सरांनी धरली. खण ठेवला, नारळ ठेवला, आजी ओंजळीनं तांदूळ घालायला लागल्या आणि उशी कलली. "नीट धरा ओ. दोन्ही हातांनी. सोडू नका हां मदीच."

मी दारात उभी होते. हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गेली बारा वर्षं अख्ख्या जिल्ह्याला जे वाक्य ऐकवलं ते सरांना कोणीतरी परत केलं होतं, आणि सर खरंच दोन्ही हातांनी धरून उभे होते.

ओटी भरून झाली. आजी उठल्या, हिरव्या दोऱ्यांकडे बोट करून म्हणाल्या, "ह्योच टाका घातलात ना माझ्या सुनंला?"

एक 'हो' पुरलं असतं. ती बाई काही परिषदेत उठून प्रश्न विचारणार नव्हती.

"नाही," सर म्हणाले. "तिला साधा घातला."

आजींचा चेहराच बदलला. "साधा का? आमी जयगडहून आलो म्हणून? चांगला टाका मोठ्या लोकांना ठेवता काय? असा हाय होय तुमचा!"

"अहो, तसं नाही..."

"मग कसा? सांगा ना. माझी सून काय कमी होती?"

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी तिथे नसते तर बरं असं त्यांना वाटलं असणार. मग ते खुर्चीत बसले. माझ्याशी कधी बोलले नव्हते इतक्या हळू आवाजात ते त्या कोळणीशी बोलले.

"आजी, हा टाका मी फक्त या उशीला घातलाय. उशीला रक्त येत नाही. साध्या टाक्यानं बायका वाचतात हे मला माहीत आहे. माझ्यानं वाचतात की नाही ते कोणालाच माहीत नाही. तुमची सून टेबलावर होती. तिच्यावर करून बघायचं होतं का मी?"

आजींनी विचार केला. बाहेर नात रडत होती.

"बरा केलात," त्या म्हणाल्या. आणि ताटातला उरलेला नारळ सरांच्या हातात ठेवून गेल्या.

त्या वर्षीची परिषद कोल्हापुरात होती. मी माहेरचं निमित्त काढून गेले आणि तिसऱ्या रांगेत बसले. सर नेहमीसारखे उशी घेऊन व्यासपीठावर चढले. तीच पालखी, तोच फोटो, त्याच सहा आकृत्या. काहीतरी बदललं असेल असं मला वाटलं होतं, पण शेवटच्या स्लाईडवर तेच होतं, 'आजवरचे पेशंट: शून्य'. पुण्याचा एक तरुण डॉक्टर उठला, फार गोड हसला आणि म्हणाला, "सर, बारा वर्षं झाली. एकही नाही?"

हॉल हसला.

"योग्य पेशंट मिळाला नाही अजून," सर म्हणाले.

पुन्हा हशा. शेजारचे कोणीतरी म्हणाले, "म्हातारा वेडा आहे, पण मजा येते." मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण त्यांच्या वेडाचे किस्से सांगून मी दोन वर्षं मैत्रिणींना हसवलं होतं. योग्य पेशंट मिळाला होता. तिला मी या दोन हातांनी धरलं होतं. या हॉलमधल्या किती जणांनी, नाव लागायची एकुलती एक संधी समोर असताना, सुई दुसऱ्या बाजूनं घातली असती? मी हात वर केला. माईक माझ्याकडे आला.

"मी सरांकडे काम करते," मी म्हणाले. "मला या टाक्याबद्दल एक सांगायचं आहे. काही महिन्यांपूर्वी..."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार ते त्यांना कळलं. समोरच्या पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते, अजून साडेतीन मिनिटं बाकी होती.

"माझी वेळ संपली," सर म्हणाले. उशी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड त्यांच्या त्या बांधणीनं बांधलं आणि खाली उतरले.

अध्यक्ष घंटेवर हात ठेवून बसले होते. ती वाजवायची राहूनच गेली.